मदत हवी आहे: मॉड टाकलेलं माइनक्राफ्ट बाहेर नीट चालतं, कोठारात शिरलं की एफपीएस (सेकंदाला दिसणारी चित्रं) कोसळतात

नमस्कार मंडळी,

मी आणि माझी धाकटी बहीण दोन वर्षं एकाच वर्ल्डमध्ये आळीपाळीने खेळतोय. माइनक्राफ्ट जावा १.२०.१, फोर्ज (मॉड चालवणारा प्रोग्राम), जवळपास १४० मॉड (गेममध्ये घातलेली भर). लॅपटॉपला १६ जीबी रॅम आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड आहे. गेम तेच कार्ड वापरतोय, हे एफ३ दाबून येणाऱ्या माहितीत उजव्या बाजूला बघितलं. नवं वर्ल्ड सुरू करा असं कृपया सांगू नका. नदीवरचा पूल तिने एकटीने बांधलाय, तो मला गमवायचा नाही.

मोकळ्या मैदानात ७०-७५ एफपीएस मिळतात. कोठारात पाय ठेवला की थेट १८-२०. कोठार तीन मजली आहे, भिंतीभर चेस्ट (सामानाच्या पेट्या), आणि आत काय ठेवलंय ते कळावं म्हणून प्रत्येकावर एक आयटम फ्रेम (वस्तू दाखवणारी चौकट). भिंतीकडे पाठ करून दाराबाहेर बघितलं की लगेच ६० च्या वर! शिवाय कुठेही असलो तरी दर काही सेकंदांनी चित्र क्षणभर थिजतं.

रेंडर डिस्टन्स (किती लांबपर्यंत दिसतं ते) १६ वरून ८ केलं. त्याने १०८९ ऐवजी २८९ चंक (वर्ल्डचे चौकोनी तुकडे) उरतात, बाहेर फरक पडला, कोठारात शून्य. शेडर (प्रकाश-सावलीचे इफेक्ट) बंदच आहेत. गेमला १२ जीबी रॅम दिलीय. एफ३ मध्ये सर्व्हरचा टिक (वर्ल्डचा हिशेब एक पाऊल पुढे सरकणं) १२-१५ मिलिसेकंदांचा दिसतो. आता कुठे बघू?

प्रतिसाद १

टिकला ५० मिलिसेकंदांपर्यंत मुभा असते (सेकंदाला २० टिक), म्हणजे तुमचं वर्ल्ड ठणठणीत आहे. अडतंय ते चित्र काढण्यात, आणि पाठ फिरवल्यावर फरक पडतो यातूनच ते सिद्ध होतं.

दगड, लाकूड असे साधे ब्लॉक चंकच्या जाळीत (एकत्र काढायच्या आकारात) एकदाच बसवले जातात. चेस्टचं तसं नाही. ती ब्लॉक एंटिटी (जादा माहिती साठवणारा ब्लॉक) आहे, आणि झाकण हलतं म्हणून स्क्रीनवरच्या प्रत्येक चित्रासाठी वेगळी काढावी लागते. आयटम फ्रेम तर पूर्ण एंटिटी (प्राण्यांसारखी स्वतंत्र वस्तू). चेस्ट काढून बॅरल ठेवा. खण तेवढेच २७, पण बॅरल साध्या ब्लॉकसारखा जाळीत बसतो आणि वर ब्लॉक असला तरी उघडतो. सोबत एम्बेडियम आणि एंटिटी कलिंग हे मॉड टाका. पहिला चित्र काढणं वेगवान करतो, दुसरा भिंतीआड लपलेल्या वस्तू काढणंच टाळतो. ऑप्टिफाइन (तशाच कामाचा मॉड) असेल तर आधी काढा, एम्बेडियमशी त्याचं जमत नाही.

थिजण्याचं कारण बहुधा रॅम. १६ पैकी १२ गेमला दिल्यावर बाकी सिस्टिमचा जीव गुदमरतो, आणि साठलेला कचरा (वापरून झालेला डेटा) जावा एकदम साफ करायला बसली की गेम थांबतो. ६ जीबी देऊन बघा. एफ३ मध्ये मेमरीचा टक्का चढत जाऊन धाडकन खाली येतो त्याच क्षणी चित्र थिजतंय का, तेवढं नक्की तपासा. आणि काहीही करण्याआधी वर्ल्डच्या फोल्डरची प्रत काढून ठेवा.

धागाकर्ता

खूप खूप आभार! प्रत काढली, मगच हात लावला. ६ जीबीवर थिजणं जवळजवळ गेलं. टक्का कोसळायचा तेव्हाच अडायचं, तुमचा अंदाज बरोबर होता. दोन्ही मॉड टाकल्यावर कोठारात ३१. वरचे दोन मजले बॅरलचे केले (बहिणीने शनिवारभर सामान हलवलं), आता ५२.

खालच्या मजल्यावर सगळ्या डबल चेस्ट आहेत. एका डबल चेस्टवर एक फ्रेम पुरायची, तिच्या जागी दोन बॅरल आले की फ्रेमही दोन लागतील, म्हणजे एंटिटी दुप्पट. पाटी लावावी तर तीही ब्लॉक एंटिटीच. मोठ्या कोठारात कशात काय आहे हे ओळखायला तुम्ही खूण म्हणून काय वापरता?