मुलींना व्याख्यान, मुलांना खुर्च्या

तापीकाठची_मॅडम

मागच्या आठवड्यात आमच्या कॉलेजात (जळगाव जिल्हा, तालुक्याचं गाव, नाव जाऊ द्या) 'मी आणि माझं शरीर' असा कार्यक्रम झाला. रंग, वजन, आरशापुढे स्वतःला नावं ठेवणं, डाएटच्या नावाखाली उपाशी राहणं, खाल्लेलं उलटून टाकणं, सगळं आलं. बाई छान बोलल्या. फक्त मुलींसाठी होता. मुलांना सकाळी खुर्च्या मांडायला बोलावलं आणि मांडून झाल्यावर बाहेर काढून दार लावून घेतलं.

खुर्च्या मांडणाऱ्यांत माझा भाचा होता. पोलीस भरतीची तयारी करतोय. उंचीचे 165 सेंटिमीटर केव्हाच भरले, अडलं होतं छातीवर: न फुगवता 79, फुगवून आणखी 5. रोज शिंप्याची टेप घेऊन आरशापुढे. ठीक आहे, भरतीचा आकडा आहे, मोजावाच लागणार. पण 79 भरले तरी टेप काही सुटली नाही. आता दंड, मांडी, कंबर. भाकरी बंद. हिवाळ्यात भरितावर तेल दिसतं म्हणून भरीत बंद (खान्देशात!). अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) ताईने खापरावर पुरणपोळ्या केल्या, रस केला, हा ताटावरून उठला. रात्री दोनला मी पाणी प्यायला उठले तर स्वयंपाकघरात अंधारात उभ्याने पोळ्या खात होता, एकामागून एक. मला बघून रडला नाही, चिडला. दुसऱ्या दिवशी रोजच्या दुप्पट धावला आणि दिवसभर पोटात काही घातलं नाही.

ताई म्हणते पोरगं शिस्तीचं निघालं. गल्लीही कौतुक करते. पोरीने असं केलं असतं तर तिला तिसऱ्या दिवशी दवाखान्यात नेलं असतं, नाहीतर भगताकडे.

मला म्हणायचंय ते एवढंच की मुलांसाठी असे कार्यक्रम हवेत, आणि पत्रिकेच्या तळाशी 'मुलगेही येऊ शकतात' लिहून ते होत नाही. पोरींना बहुतेक वेळा बारीक व्हायचं असतं. ह्याला बारीकही व्हायचंय आणि रुंदही, एकाच वेळी. त्याच्याशी बोलायची भाषा वेगळी लागेल.

आखाड्यातला

मॅडम, राग मानू नका. पोऱ्या पाच वाजता उठीसन पयस, त्याले बी आजार म्हनतस का तुम्ही? टपरीवर गुटखा चघळत मोबाईलवर पैसे लावणारे बघा, त्यांच्यासाठी घ्या कार्यक्रम. आम्ही कुस्तीचं वजन उतरवायला घोंगडी पांघरून धावलोय, दोन-दोन दिवस पाणी तोडलंय. काही झालं नाही. आजकाल जरा घाम आला की लगेच समुपदेशन.

सातपुड्याखालचा_मास्तर

टेपवरून आठवलं. मी नंदुरबार जिल्ह्यात धडगाव भागात शिकवतो. आमच्याकडेही एक टेप आहे, अंगणवाडीत लहान लेकरांच्या दंडाला लावायची. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेलं की पट्टी लाल. तो लाल रंग बघून ज्यांच्या पोटात खड्डा पडलाय त्यांना ही चर्चा भरल्या पोटाची वाटणार, आणि मला वाटते. माझ्या वर्गातल्या पोराला 'खाल्लेलं मुद्दाम ओकून टाकतात' हे समजावून सांगायलाच अर्धा तास जाईल. जिथे एक डॉक्टर मिळायची मारामार, तिथे आरशाचे कार्यक्रम कोणत्या पैशातून?

दवाखान्यातला

मास्तरांच्या पैशाच्या मुद्द्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. पण नवीन योजना काढायचीही गरज नाही. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम 2014 पासून चालू आहे, 10 ते 19 वयाच्या मुलगे-मुली दोघांसाठी, आणि त्यात पोषण आणि मानसिक आरोग्य दोन्ही लिहिलेलं आहे. आठवड्याची निळी लोहाची गोळी मुलांनाही देतातच ना? त्याच तासाला बोलता येईल.

आता 'हा बायकांचा आजार' असं लोक समजतात त्याबद्दल. इंग्लंडच्या रिचर्ड मॉर्टनने 1689 मध्ये अ‍ॅनोरेक्सियाची, म्हणजे स्वतःला उपाशी ठेवण्याच्या आजाराची, जी पहिली दोन वर्णनं लिहिली, त्यातला एक रोगी 16 वर्षांचा मुलगा होता! तरी पुढे अ‍ॅनोरेक्सियाच्या निदानात 'पाळी थांबणे' ही अट बसली. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या नियमावलीतून ती 2013 मध्ये निघाली. अट बायकांपुरतीच होती, पण त्यामुळे रोगी म्हटलं की डोळ्यासमोर बाईच यायची. आणि 2007 च्या अमेरिकी पाहणीत अ‍ॅनोरेक्सिया आणि बुलिमियाच्या (भरमसाट खाऊन मग ते उलटी-उपासाने 'फेडण्याचा' आजार) दर चार जणांत साधारण एक पुरुष निघाला.

मॅडम, भाच्याचं निदान मी इथे बसून करणार नाही. पण खाल्लेलं 'फेडायला' उलटीच करावी लागते असं नाही. दुसऱ्या दिवशीचा उपास आणि दुप्पट धावणं हेही त्याच हिशोबात मोजतात. त्याला दाखवा. तो येत नसेल तर 14416 वर टेलिमानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला आधी तुम्ही बोला, मराठीत बोलता येतं.

आखाड्यातला

अमेरिकेचे आकडे अमेरिकेत. आमच्या तालमीत या.

मागच्या_बाकावरची

मी त्या दार लावलेल्या हॉलमध्ये होते (मॅडम ओळखतील, ओळखू नका). मुलांसाठी कार्यक्रम घ्या, जरूर घ्या. पण आमच्यात घालू नका. ज्या पोरांनी मला अकरावीपासून 'पाण्याची टाकी' म्हटलं, त्यांच्यासमोर मी माझ्या मांड्यांबद्दल बोलू? त्या दिवशी पहिल्यांदा आमच्यातली एक बोलली, ती दार बंद होतं म्हणूनच. 'पुरुषांनाही त्रास होतो' हे खरं असेल, पण प्रत्येक वेळी आमच्याच तासाला का आठवतं?

तापीकाठची_मॅडम

हे मला सुचलं नव्हतं. मी एकत्रच घ्यायच्या विचारात होते, एका खर्चात होईल म्हणून.

दवाखान्यातला

एकत्र घेतलेले प्रयोगही आहेत. ऑस्ट्रेलियात 'मीडिया स्मार्ट' नावाचे धडे मुलगे-मुली एका वर्गात बसवून घेतले. पण तिथे जाहिरातीची चिरफाड करतात, स्वतःच्या मांड्यांची नाही. मनातलं काढायचं असेल तर ह्या ताईचं बरोबर आहे.

आणि उत्साहात कोणी आजारातून उठलेल्या मुलांना स्टेजवर उभं करू नका. स्टॅनफर्ड विद्यापीठात तसं केलं होतं, 1997 मध्ये निष्कर्ष छापले: ऐकणाऱ्या मुलींत लक्षणं न ऐकलेल्या मुलींपेक्षा कमी नाही, थोडी जास्तच दिसली.

आखाडेवाले भाऊ, तुमच्यासाठी एक. अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये शाळेच्या फुटबॉल संघांसाठी 'अ‍ॅटलास' कार्यक्रम झाला, विषय स्टिरॉइड आणि पावडरी. शिकवायला डॉक्टर नव्हते. संघाचा कोच आणि संघातलीच पोरं होती. पोरांचा स्टिरॉइड घ्यायचा इरादा कमी झाला. वस्तादाचं पोरं ऐकतात, माझं नाही.

सातपुड्याखालचा_मास्तर

गोळीच्या तासाचं बघतो. बाकी माझं मत तेच आहे, आधी ताट.

आखाड्यातला

पाणी तोडण्यावरून एक लिहायचं राहिलं होतं. आमच्यातला एक जण वजन देऊन काट्यावरून उतरला आणि तिथेच पडला. सलाईन लावावं लागलं. तेव्हा आम्ही हसलो होतो.

पोरांशी बोलायचं असेल तर अकराला हॉलमध्ये बोलावू नका, कोणी येणार नाही. ग्राउंडवरून साडेसातला परततात, तेव्हा या. खुर्च्या लागत नाहीत, मातीत बसतात.