झिजलेलं बायझंटाईन नाणं: पाकिटावर जस्टिनियन लिहिलंय, मला पटत नाहीये

राईनकाठचा_मराठी
नमस्कार मंडळी. मी जर्मनीत असतो, इथल्या नाणेबाजारात एकाकडे झिजलेल्या तांब्याच्या नाण्यांचा डबा होता त्यातली दोन उचलली. पाकिटावर नुसतं 'जस्टिनियन' लिहिलंय, म्हणजे सहाव्या शतकातला बायझंटाईन (पूर्व रोमन) सम्राट. पहिलं जाड, चॉकलेटी, २८ मिमी, ९ ग्रॅमच्या आसपास, एका बाजूला दाढीवाला चेहरा, डोक्यामागे वर्तुळ आणि त्यात काहीतरी रेघा, मागे पायऱ्यांवर उभा क्रूस आणि अक्षरांचे तुकडे, काही सरळ काही तिरके. दुसरं पातळ, वाटीसारखं वाकलेलं, आतल्या बाजूला दोन माणसं उभी आहेत बहुतेक, अर्धं तर सपाटच. राजाचं नाव कुठेच लागत नाही. चिंच-मीठ लावून घासू का? आणि अल्बममध्ये लिहू काय?

तांबट_आळी
घासू नका!! देवघरातला तांब्या नाहीये तो. इतक्या झिजलेल्या नाण्यावर जे काही उरलंय ते बऱ्याचदा त्या वरच्या काळपट थरातच असतं, आंबट लावलं की थरही जातो आणि अक्षरंही. त्यापेक्षा अंधार करून मोबाईलचा टॉर्च अगदी आडवा धरा आणि नाणं हळूहळू फिरवा.

जस्टिनियन तर नाहीच. त्याच्या मोठ्या तांब्याच्या नाण्यांवर मागे भलामोठा 'एम' असतो, म्हणजे ४० नुम्मी (नुम्मी हे तेव्हाचं छोटं नाणं), आणि ५३८-३९ पासून बाजूला राज्यवर्षही घालायला लागले. तुमचं नाणं त्यानंतर जवळपास ५०० वर्षांनी पाडलेलं आहे. तो चेहरा राजाचा नाही, येशूचा आहे, वर्तुळातल्या रेघा म्हणजे प्रभावळीतल्या क्रूसाचे दांडे. सम्राट जॉन त्झिमिस्केसच्या काळात (९६९-९७६) फोलिसवरून, म्हणजे या मोठ्या तांब्याच्या नाण्यावरून, राजाचं चित्र आणि नाव दोन्ही काढून टाकलं, म्हणून यांना अनामिक फोलिस म्हणतात. तेव्हा नाव झिजून गेलेलं नाही, ते नव्हतंच मुळात. यांचे चित्रांवरून ए, बी, सी असे वर्ग पाडलेत, तीन पायऱ्यांचा क्रूस म्हणजे वर्ग बी, सिअरच्या नाणेसूचीत नंबर १८२३. मागचे अक्षरांचे तुकडे खालच्या जुन्या नाण्याचे असणार.

ठसा_आणि_उलटठसा
वरचं सगळं बरोबर, फक्त अक्षरांबाबत थांबा. वर्ग बीला स्वतःचाही मजकूर असतो, 'येशू ख्रिस्त, राजांचा राजा' असा, आणि तो क्रूसाच्या डावी-उजवीकडे ओळींत तुटून येतो. त्यामुळे क्रूसाशी सरळ बसणारी अक्षरं या नाण्याचीच, तिरकी आहेत ती खालच्याची. जुनं नाणं न वितळवता त्याच्यावरच नवा ठसा मारायचे, बीच्या खाली बऱ्याचदा वर्ग ए निघतो, ज्याच्या मागे चित्र नसतं, नुसता चार ओळींचा मजकूर. आणि हे डाग समजून सोडून देऊ नका, कारण नावच नाही तर कुठला वर्ग आधीचा कुठला नंतरचा हे ठरवायचं कसं, तर कोण कोणाच्या वर मारलंय त्यावरूनच. मार्गारेट थॉम्पसन यांनी अथेन्सच्या अगोराच्या (प्राचीन बाजारचौकाच्या) उत्खननातली नाणी १९५४ मध्ये प्रसिद्ध केली, त्यांच्या मांडणीतूनच हे ए, बी, सी आलेत.

अजून एक, चेहरा सरळ धरून नाणं वरून खाली उलटा, डावीकडून उजवीकडे नाही. यांचे ठसे बहुतेक एकमेकांना उलटे असतात, त्यामुळे क्रूस सरळ येईल आणि पायऱ्या कुठे शोधायच्या ते कळेल.

जुना_बाजार
एवढं कशाला, सरळ रोमानोस तिसरा लिहा. सगळे विक्रेते तेच लिहितात.

ठसा_आणि_उलटठसा
विक्रेत्यांना नाव लागतं, राजाच्या नावाने नाणं खपतं. नाण्यावर रोमानोस नाहीये, तो आपला अंदाज आहे, चांगला अंदाज आहे पण अंदाजच. मी असं लिहीन: अनामिक फोलिस, वर्ग बी, कॉन्स्टंटिनोपल, सर्वसाधारणपणे रोमानोस तिसरा (१०२८-१०३४) याच्या काळातलं मानतात, खाली जुनं नाणं, बहुधा वर्ग ए. आणि ते चुकीचं पाकीटही ठेवा, नाणं कुठून आलं त्याचा तेवढाच कागद आहे.

तांबट_आळी
वाटीवालं म्हणजे ट्रॅकी, सम्राट अलेक्सिऑस पहिल्याने १०९२ मध्ये नाणी बदलली त्यानंतरचं. यात राजा आतल्या खोलगट बाजूला असतो. नाव नसेल तर हात बघा, कोणी काय धरलंय. एकटा राजा आणि वर कोपऱ्यात देवाचा हात, बाहेर सिंहासनावर मेरी, तर आयझॅक दुसरा.

राईनकाठचा_मराठी
टॉर्चची आयडिया भारी! दोघांच्या मधे गोळा आहे, त्यावर छोटा क्रूस, दोघांनीही धरलाय. बाहेर चेहरा आहे पण दाढी दिसत नाही. पहिल्याची तिरकी अक्षरं मात्र अजून लागत नाहीयेत.

तांबट_आळी
मग अलेक्सिऑस तिसरा (११९५-१२०३) आणि शेजारी संत कॉन्स्टंटाईन, बाहेर बिनदाढीचा तरुण येशू. पण लगेच पेनाने लिहू नका, या नाण्याच्या नकला पुढे भरपूर निघाल्या, बल्गेरियन म्हणून ओळखतात त्या, आणि खऱ्यांच्याही कडा लोकांनी कातरून ठेवल्यात. व्यास, वजन आणि कडेचा जवळून फोटो टाका.