ग्रुप दोन दिवस बंद ठेवून निषेध केला तर उपयोग होतो का?

कात्रज_सिंहगड:
आमचा पुण्यातल्या ट्रेकर्सचा ग्रुप ज्या साईटवर आहे, तिने बाहेरच्या ॲपवाल्यांकडून पैसे घ्यायचं ठरवलंय. आमचे काही अंध मेंबर स्क्रीन रीडरशी जुळणारं असंच एक ॲप वापरतात. ते गेलं की त्यांचं वाचणंच थांबेल. शनिवार-रविवार ग्रुप प्रायव्हेट करावा असं ॲडमिन म्हणताहेत. याने काही हलतं का? आधी काय करून ठेवावं?

मुठाकाठ:
उघडायची तारीख आधीच सांगितलीत तर साईट तेवढे दिवस कळ काढते. रेडिट या चर्चांच्या साईटवर २०२३ मध्ये तेच झालं. बाहेरच्या ॲपने साईटकडून माहिती मागवली की तो एक एपीआय कॉल; अशा हजार कॉल्सना २४ सेंट असा दर लागला, अपोलो या रेडिट वाचायच्या बाहेरच्या ॲपच्या निर्मात्याचा हिशोब वर्षाला सुमारे २ कोटी डॉलरवर गेला. १२ जूनपासून हजारो ग्रुप निषेध म्हणून बंद झाले, बरेचसे ४८ तासांसाठी. दर तसाच राहिला आणि ३० जूनला अपोलो बंद पडलं. पण रेडरीडर, डिस्टोपिया या अंधांना उपयोगी, बिनव्यापारी ॲपना सूट मिळाली. तेव्हा मागणी एकच ठेवा, तीही नेमकी: अंधांना मदत करणाऱ्या ॲपना शुल्क नको. 'धोरण मागे घ्या' म्हणाल तर हाती काही लागणार नाही.

टेकडीवरचा:
प्रायव्हेट करू नका, फक्त नव्या पोस्ट थांबवा. प्रायव्हेट केलं की गुगलवरून येणाऱ्यालाही दार बंद. ऐन पावसाळ्यात कुणी राजगडाच्या वाटेची माहिती शोधत असेल तर त्याचे हाल कशाला? वर पिन केलेल्या पोस्टमध्ये मागणी आणि ग्रुप हलवायचा असेल त्या नव्या साईटचा पत्ता द्या. आणि सेटिंग आधी तपासा: रेडिटवर २०२४ पासून सार्वजनिक ग्रुप प्रायव्हेट करायला कंपनीची परवानगी लागते. २०२३ मध्ये ग्रुप उघडत नाहीत म्हणून ॲडमिन बदलायची ताकीदही मिळाली होती. म्हणून बंदच्या आधीच मेंबरांचे ईमेल त्यांच्या संमतीने एका फॉर्ममध्ये घेऊन ठेवा. फोन नंबर मागू नका.

सर्व्हरवाला:
नवी जागा तयार नसेल तर निषेधाला वजन येत नाही. डिस्कोर्स (स्वतःचा चर्चा-मंच चालवायचं सॉफ्टवेअर) टाकायचं तर २ जीबी रॅमचा सर्व्हर घ्या (१ जीबीवर स्वॅप, म्हणजे डिस्कची जागा मेमरीसारखी, लावून चालतं, पण रखडतं) आणि स्वतःचं डोमेन. घोडं हमखास अडतं ते ईमेलवर. बरेच सर्व्हरवाले पोर्ट २५ (सर्व्हरवरून मेल बाहेर जायची वाट) बंद ठेवतात, मग नोंदणीचा मेल जातच नाही आणि मेंबर 'साईट बिघडली' म्हणून परत फिरतो. मेल पाठवणारी वेगळी सेवा घेऊन पोर्ट ५८७ वापरा, डोमेनवर एसपीएफ आणि डीकेआयएम नोंदी (मेल खरंच तुमच्याच डोमेनचा आहे हे पटवणाऱ्या) टाका. स्वतःच्या जीमेलवर चाचणीचा मेल पाठवून 'शो ओरिजिनल' उघडा. दोन्हींपुढे 'पास' दिसेपर्यंत कुणालाही आमंत्रण धाडू नका.
पहिलं आमंत्रण त्या अंध मेंबरांना द्या. त्यांना स्क्रीन रीडरने लॉगिन, उत्तर, फोटोचं वर्णन हे सगळं जमलं, की मगच बाकीच्यांना बोलवा.