बीएस्सी दुसरं वर्ष, रसायनशास्त्र: उन्हाळी संशोधन फेलोशिपच्या अर्जासाठी मदत हवी आहे

पूर्णाकाठ:
नमस्कार मंडळी. माझी धाकटी बहीण अकोला-अमरावतीच्या सीमेवरच्या एका तालुक्याच्या कॉलेजात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरी कोरडवाहू शेती. बारावीनंतर नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवरून अर्ज केला होता, त्यामुळे केंद्राची वर्षाला 12,000 रुपयांची शिष्यवृत्ती थेट खात्यात येते. इन्स्पायर या विज्ञान शिकणाऱ्यांसाठीच्या केंद्राच्या दुसऱ्या शिष्यवृत्तीत वर्षाला 80,000 मिळतात, पण त्यासाठी बोर्डाच्या वरच्या एक टक्क्यात नाव लागतं, ते थोडक्यात हुकलं. फीचं कसंबसं भागतंय. अडलंय ते वेगळ्याच ठिकाणी.

तिला या उन्हाळ्यात खऱ्या प्रयोगशाळेत काम करायचंय. बंगळुरू, दिल्ली आणि प्रयागराजच्या तिन्ही विज्ञान अकादम्या मिळून दोन महिन्यांची उन्हाळी फेलोशिप देतात, तिचा अर्ज साधारण नोव्हेंबर अखेरपर्यंत भरायचा असतो. त्यात फार तर 250 शब्दांत लिहायचंय की तुम्हाला काय करायचंय आणि का. आठवडा झाला, पोरगी त्या चौकटीसमोर बसून आहे. म्हणते, "ताई, मी संशोधन केलेलंच नाही, तर लिहू काय?" शिफारसपत्रही लागतं. सर चांगले आहेत, पण असं पत्र त्यांनी याआधी कुणाला दिलेलं नाही. शिवाय आमच्याकडे उन्हाळी परीक्षा लांबल्या की जून उजाडतो, तेव्हा तारखा जुळायच्या कशा?

त्यातच व्हॉट्सअ‍ॅपवर एक निरोप फिरतोय, पैसे भरा आणि घरबसल्या इंटर्नशिपचं प्रमाणपत्र घ्या. तिच्या दोन मैत्रिणींनी भरलेही. जाणकारांनी मार्ग दाखवावा. आगाऊ धन्यवाद.

ब्युरेट:
ताई, आधी ते पैसे भरायचं डोक्यातून काढून टाका. तुम्ही म्हणताय त्या फेलोशिपला अर्जाचेही पैसे लागत नाहीत, उलट तेच विद्यावेतन आणि रेल्वेचं भाडं देतात. प्रयोगशाळेत हात न लावता मिळालेल्या कागदाला पुढे एमएस्सी-पीएचडीच्या मुलाखतीत कुणी विचारत नाही.

आता एक सांगा, बहिणीने अभ्यासक्रमाबाहेर किंवा फील्ड प्रोजेक्ट म्हणून काही केलंय का? कितीही साधं असलं तरी चालेल.

पूर्णाकाठ:
फील्ड प्रोजेक्ट केलाय. आमचा भाग खारपाणपट्ट्यात येतो, म्हणजे जमिनीखालचं पाणीच खारट. तिने गावातल्या विहिरी-बोअरचं पाणी आणून त्यातलं क्लोराइड मोजलं. सिल्व्हर नायट्रेटने बोटं काळी करून घेतली होती, आई ओरडली होती. पण ते तर नेहमीचंच टायट्रेशन, रंग बदलेपर्यंत थेंबथेंब द्रावण टाकून मोजायचं, त्यात संशोधन कसलं?

ब्युरेट:
अहो, तुमचे 250 शब्द इथेच आहेत! सिल्व्हर नायट्रेटने क्लोराइड मोजायची ही मोहर पद्धत पुस्तकातलीच, कबूल. पण पाणी तिच्या गावचं आहे, आणि त्या पाण्याचे आकडे दुसऱ्या कुणाकडे नाहीत.

तिला हे विचारा: कुठल्या विहिरीचा आकडा बघून ती चमकली? पिण्याच्या पाण्यात क्लोराइड लिटरला 250 मिलिग्रॅमपर्यंत असावं आणि दुसरा स्रोत नसेल तर 1000 पर्यंत चालतं, असं भारतीय मानक सांगतं. एखादी बोअर त्याच्या पार वर आणि शेजारची विहीर खाली, असं काही दिसलं का? पिवळ्या द्रावणात विटकरी छटा नेमकी कधी टिकली, यावर दोन वाचनं जुळेनात तेव्हा तिने काय केलं? हे लिहायचं. मग त्यातून पडलेला प्रश्न, आणि तो सोडवायला आपल्या कॉलेजात काय कमी पडतं. "मला लहानपणापासून विज्ञानाची आवड आहे" हे वाक्य अर्जात दिसलं तर खोडा, तेवढीच जागा वाचेल.

शिफारसपत्राचंही तसंच. तिने सरांना वहीसकट भेटावं, प्रोजेक्टची पानं दाखवावीत आणि मुद्दे एका कागदावर लिहून द्यावेत. "विद्यार्थिनी हुशार व कष्टाळू आहे" यापेक्षा "तिने नमुने स्वतः गोळा केले, वाचन जुळेना तेव्हा पुन्हा केलं" हे सरांनी लिहिलं तर वाचणाऱ्याला मुलगी दिसते. सरांना आधीच सांगून ठेवा, शेवटच्या दिवशी वेबसाइट रडते.

अंबानगरी:
वरच्या सगळ्याला +1. माझा मुलगा यातून गेलाय, म्हणून थोडी भर.

परीक्षेचं टेन्शन आत्ता घेऊ नका. निवड झाल्यावर मार्गदर्शकांना वेळापत्रक सरळ कळवायचं, सांगितलं तर तारखा मागेपुढे करतात. न कळवता उशिरा पोचलात तर मात्र वाईट दिसतं.

एकाच अर्जावर विसंबून राहू नका. मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, त्यांचा एनआययूएस नावाचा उपक्रम बीएस्सीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांसाठीच आहे. रसायनशास्त्राचं शिबिर असतं, राहण्याखाण्याची सोय तेच बघतात. छोट्या गावातल्या मुलांनी तर हे सोडूच नये. आणि विषय पाण्याचा आहे तर नागपूरची नीरी, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, तुमच्यापासून किती लांब? तिथल्या पाण्यावर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांना तिने स्वतः ईमेल करावा. सगळ्यांना एकच मजकूर नको. ज्याला लिहायचं त्याचा एखादा शोधनिबंध उघडून, कळेल तेवढा वाचून मग लिहावं. दहा जणांतले आठ उत्तर देत नाहीत, हे तिला आधी सांगून ठेवा म्हणजे हिरमुसणार नाही.

पूर्णाकाठ:
खूप आभार दादा, आणि तुमचेही अंबानगरी. बहिणीला शेजारी बसवून सगळं वाचून दाखवलं. तिने लगेच वही काढली. देवळामागच्या हातपंपाचं क्लोराइड पावसाळ्यानंतर वाढलेलं निघालं होतं, कमी व्हायचं सोडून. तिला वाटलं आपलंच चुकलं, म्हणून तिने ते प्रोजेक्टच्या फाइलमध्ये लिहिलंच नव्हतं.

ब्युरेट:
तेच पहिलं वाक्य. पुन्हा नमुना आणा, पुन्हा मोजा, आकडा तेवढाच आला तर बिनधास्त लिहा. मसुदा तयार झाला की इथेच टाका, आकडे आणि एकके मी तपासून देतो.