लाल भोपळा वेलीवरून नक्की कधी उतरवायचा?

अंगणवेल:
नमस्कार मंडळी, आम्ही रत्नागिरीजवळ राहतो. मिरगाला परसात लाल भोपळ्याच्या बिया टोचल्या होत्या, वेल मस्त पसरली आणि गणपतीच्या आसपास फळं धरली. आता सगळ्यात मोठा हिरव्याचा तपकिरी व्हायला लागलाय पण देठ अजून हिरवागार आहे. सासूबाई म्हणतात राहू दे, शेजारच्या काकू म्हणतात वानरं यायच्या आत काढ. मला तो दिवाळीनंतरही टिकवायचाय, घारग्यांसाठी. पिकला हे ओळखायचं कसं?

मातीवाला:
सासूबाईंचं बरोबर आहे, थांबा. रंग आणि आकारावर जाऊ नका, देठ बघा. पिकलेल्या भोपळ्याचा देठ वाळून लाकडासारखा टणक होतो. मग सालीत नख रुतवून बघा, वण उठला तर अजून कच्चा. चकाकी जाऊन साल मंद दिसते, वर पांढरट भुकटीही येते, आणि जमिनीला टेकलेला भाग पांढऱ्याचा पिवळा होतो. फळ धरल्यापासून साधारण ४५ ते ५५ दिवस लागतात, म्हणजे तुमचा दिवाळीच्या सुमारास तयार होईल. बियाणं कुठलं आहे त्यावरही रंग ठरतो, अर्का चंदन जातीचा भोपळा पिकल्यावर फिकट तपकिरीच असतो, तो लालभडक व्हायची वाट बघत बसाल तर बसालच. तोवर खाली पेंढा किंवा कौल सरकवा, ओल्या मातीवर बूड कुजतं.

जर्सीकर:
आम्ही न्यू जर्सीत बटरनट लावतो, तो लाल भोपळ्याच्याच जातकुळीतला. नखाची परीक्षा तीच, शिवाय देठाजवळच्या हिरव्या रेघा गेल्या की तयार समजायचं. फक्त इथे ऑक्टोबरात फ्रॉस्ट पडायच्या आत काढावाच लागतो, थंडी लागलेलं फळ टिकत नाही. आणि काढल्या काढल्या खायची घाई करू नका, थोडे आठवडे ठेवला की त्यातल्या पिठाची (स्टार्चची) साखर होते आणि गोडी वाढते.

अंगणवेल:
खूप आभार! पण वानरं खरंच आली तर?

मातीवाला:
गोणपाटाने झाकून ठेवा. तरी काढावाच लागला तर रंग धरलेला काढा, तो घरात अजून थोडा रंगेल पण वेलीवरची गोडी येणार नाही आणि घारगे पाणचट होतील, पूर्ण हिरवा असेल तर सरळ भाजी करा.
काढताना पिळून तोडू नका, कोयत्याने दोनतीन इंच देठ ठेवून कापा आणि देठाला धरून उचलू नका, देठ निखळला की तिथूनच सडायला सुरुवात होते. धुवायचा नाही, आठदहा दिवस पडवीत वाऱ्यावर ठेवायचा, मग कोरड्या जागी एकावर एक न रचता. अख्खा फ्रिजमधे नको, चिरल्यावर मात्र बिया आणि त्यांच्या भोवतीचा मऊ दोरेदार भाग काढून फ्रिजमधेच.