चौदा वर्षं हा कॅन्सर होता कुठं?

भोगावतीकाठ
२०११ साली आईच्या डाव्या स्तनाचं ऑपरेशन झालं. काखेतल्या दोन गाठींत सापडलं होतं. केमो, रेडिएशन, मग पाच वर्षं टॅमॉक्सिफेन, म्हणजे हार्मोनला अडवायच्या गोळ्या. गोळ्या संपल्या त्या शुक्रवारी अंबाबाईची ओटी भरली, गल्लीत पेढे वाटले. यंदा कंबर धरली. दोन महिने मलम चोळण्यात गेले. आता मणक्यात निघालाय, आणि बायोप्सीत तोच जुना, हार्मोन पॉझिटिव्ह, म्हणजे हार्मोनवर वाढणारा. आई सारखी म्हणते, ‘शेतात लावणीला वाकले, माझंच चुकलं.’ तिला काय सांगू?

कागलकर
दादा, आधी आईंना सांगा, लावणीनं काही झालेलं नाही. माझ्या बायकोचं नवव्या वर्षी उलटलं. डॉक्टरांनी समजावलं, पण मला ते उमगलं उसातल्या लव्हाळ्यावरनं. फवारलं की वरचं पातं जळतं, मातीतली गाठ तशीच राहते. ती झोपलेली असते, म्हणून औषध तिला लागत नाही. तशाच कॅन्सरच्या काही पेशी ऑपरेशनच्या आधीच रक्तातनं हाडाच्या मगजात जाऊन बसतात आणि वाढायच्या थांबतात. केमोचा मारा मुख्यतः वाढत्या पेशींवर, त्यामुळं ह्या निसटतात. इतक्या बारीक, की स्कॅनमध्ये दिसत नाहीत. स्टीफन पॅजेट नावाच्या इंग्रज सर्जननं १८८९ मध्येच बी आणि मातीचा दाखला दिला होता: कॅन्सरची पेशी म्हणजे बी, आणि ती मानवेल त्या मातीतच, म्हणजे त्या अवयवातच, रुजते. शेतकऱ्याला तो लगेच पटतो.

राजारामपुरी_७
मी स्वतः पेशंट आहे, म्हणून हे वाचून ठेवलंय. २०१७ मध्ये ६२,९२३ बायकांचा अभ्यास आला. सगळ्या हार्मोन पॉझिटिव्ह, पाच वर्षं गोळ्या घेतलेल्या, तेव्हा आजार नसलेल्या. तरी विसाव्या वर्षापर्यंत तो थोडाथोडा परतत राहिला. ज्यांची गाठ लहान होती आणि काखेत काही सापडलं नव्हतं, त्यांच्यातही शंभरात १३ जणींना तो दुसऱ्या अवयवात निघाला. पाच वर्षं झाली की सुटलो, असं आपल्याला वाटतं. ह्या प्रकारात तसं नसतं. त्यात आईंची काय चूक?
पाल्बोसिक्लिब ह्या कॅन्सरच्या पेशींची वाढ रोखणाऱ्या औषधाबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा. २०२३ पासून त्याचं जेनेरिक, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांनी बनवलेलं तेच औषध, मिळतं, खर्चात खूप फरक पडतो. आणि हाडांचं झोलेड्रॉनिक अॅसिड इंजेक्शन देणार असतील तर आधी दात दाखवून घ्या. नंतर दात काढायची वेळ आली तर जबड्याला त्रास होऊ शकतो.

भोगावतीकाठ
काल रात्री लव्हाळ्याचं सांगितलं. बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, ‘म्हंजे तवाच खाली गेलं हुतं व्हय.’ आज लावणीचं नाव काढलं नाही. सकाळी दातांच्या डॉक्टरांकडं नेतोय.