नववी-दहावीच्या गणितात ‘का’ विचारायला वेळ द्यावा का?

धागाकर्ता (शिक्षक, दारव्हा तालुका) :
आमच्या भागात वावर मक्त्याने देताना काही जण समोरासमोरच्या धुऱ्यांच्या, म्हणजे बांधांच्या, लांबीची सरासरी काढतात आणि त्या दोन सरासऱ्यांचा गुणाकार करून क्षेत्रफळ ठरवतात. नववीच्या वर्गात मी ही रीत फळ्यावर मांडून ती बरोबर आहे का, एवढेच विचारले. सगळे ‘हो’ म्हणाले. मग चार तुराट्या सुतळीने बांधून केलेला चौकोन एका मुलीच्या हाती दिला. तिने तो कोपऱ्यांतून दाबला, बाजू तेवढ्याच राहिल्या पण आतली जागा घटत गेली, तेव्हा एरवी गप्प बसणारी ती मुलगी म्हणाली, ‘‘सर, मग आमच्या बाबांची रीत चुकते.’’ पुढे आम्ही समोरासमोरच्या बाजू सारख्या, म्हणजे 130 व 140 फूट, आणि एक कर्ण 150 फूट असलेले वावर घेतले. रीतीप्रमाणे 18,200 चौरस फूट येतात. कर्णाने दोन त्रिकोण पाडून हिशेब केला तर 16,800. गुंठा 1,089 चौरस फुटांचा, म्हणजे फरक सव्वा गुंठ्याहून अधिक. फळ्यावर चुकलो तर सगळे हसतील, या धास्तीने आपली मुले गप्प राहतात. म्हणून आठवड्यातली एक तासिका तरी उत्तराऐवजी कारण शोधण्यासाठी राखावी, असे माझे मत आहे.

प्रतिसाद (शिकवणी वर्ग, पुसद) :
सर, प्रयोग छान आहे. परंतु बोर्डाचे बीजगणित आणि भूमितीचे पेपर प्रत्येकी 40 गुणांचे व दोन तासांचे असतात आणि त्यांत तुराट्या कोणी विचारत नाही. माझ्याकडे येणाऱ्या दहावीच्या कित्येक मुलांना अपूर्णांकांची बेरीज जमत नाही, पद उजवीकडे नेताना चिन्ह बदलायचे राहते. अशा मुलाला ‘का’ विचारले की तो आणखी खचतो. त्यालाच अवयव पाडण्याची वीस उदाहरणे ओळीने सुटली, की तो मान वर करून बसतो. गणितात गेलेल्या मुलीचे शिक्षण खेड्यात बरेचदा तिथेच थांबते, हेही ध्यानात घ्यावे. शिवाय एका वावरावरून वाडवडिलांची रीत चुकीची कशी ठरवता?

प्रतिसाद (शिक्षिका, धारणी तालुका) :
माझ्या वर्गातील बहुतेक मुले घरी कोरकू बोलतात. शाब्दिक उदाहरणात ती अडतात तेव्हा गणित अडलेले नसते, मराठी वाक्य अडलेले असते. आपण दोघेही हे विचारात घेत नाही. मी उदाहरण आधी त्यांच्या बोलीत एकमेकांना सांगायला लावते, समीकरण नंतर.

धागाकर्ता :
ताई, ही बाब माझ्या ध्यानात आली नव्हती. पुसदच्या सरांना मात्र उत्तर देतो : रीत ‘प्रत्येक वावराला लागू’ म्हणून सांगितली जाते, तेव्हा ती खोडायला एकच वावर पुरते. ती नेहमी जास्तच दाखवते का, हा प्रश्न निराळा, आणि तो वर्गानेच सोडवला. त्रिकोणाची उंची लगतच्या बाजूहून मोठी नसते, म्हणून त्याचे क्षेत्रफळ दोन बाजूंच्या गुणाकाराच्या निम्म्याहून जास्त होत नाही. चौकोनाच्या चारही कोपऱ्यांना हे लावून बेरीज केली, की रीतीचे उत्तर खऱ्या क्षेत्रफळाहून कमी येऊ शकत नाही, हे दिसते. चारही कोन काटकोन असतील तरच दोन्ही उत्तरे जुळतात. म्हणजे तोटा होतो तेव्हा तो मक्ता घेणाऱ्याचाच. सरावाबद्दल आपले म्हणणे मान्य आहे. ही सिद्धता ज्यांना जमली, त्यांचा अपूर्णांकांचा सराव आधीच झालेला होता.

प्रतिसाद (शिकवणी वर्ग, पुसद) :
सिद्धता आज माझ्या वर्गात मांडून पाहिली. पाऊण तास गेला आणि समरूपतेचा प्रश्नसंच राहिला. तो रविवारी घ्यावा लागेल. मत बदललेले नाही, पण मागच्या बाकावरच्या एकाने काटकोनाची अट माझ्याआधी सांगितली, ही नोंद करतो.